जन्माची नोंद आणि जन्माचे नियोजन

शहरात मूल जन्मास आले की त्याची नोंद म्युनिसिपालिटीच्या दप्तरी होते. मुंबईपुरते बोलावयाचे तर १८८८ च्या कायद्याने जन्ममृत्यूची नोंद ठेवणे, देवी टोचणे, सार्वजनिक दवाखाने चालविणे ही कामे तेथील कॉर्पोरेशनच्या आवश्यक कर्तव्यांत घातली गेली. परंतु ते मूल जन्मास यावे केव्हा, थोरल्या भावंडानंतर किती वर्षांनी यावे, त्याच्या आईचे शरीर तो भार सोसण्यास सिद्ध आहे किंवा नाही, या प्रश्नांशी नगरसंस्थेचा काही संबंध असू शकतो ही कल्पना मात्र फार उशिरा रुजली. रुजल्यानंतरही ती अनेकदा वठली आणि पुन्हा पालवली. संततिनियमनाच्या सेवेचा आपल्या शहरांतील इतिहास पाहिला म्हणजे असे दिसते की, ही सेवा सुरू करणारी माणसे केव्हाच कमी पडली नाहीत. कमी पडला तो ती निरंतर चालविणारा हात. सेवा कोणाच्या खांद्यावर उभी आहे, या एका प्रश्नाच्या उत्तरावर तिचे आयुष्य ठरत आले आहे.

या इतिहासाचा आरंभ १९२१ पासून धरणे योग्य होईल. त्या वर्षी मुंबई शहरात नोंदीप्रमाणे जन्मलेल्या दर हजार बालकांमागे सहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावली. या आकड्यात थोडी अतिशयोक्ती आहे हे खरे. कारण पुष्कळ कामकरी स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात, त्यामुळे जन्माची नोंद गावाकडे आणि मृत्यूची नोंद शहरात असे घडे. तरीही एका खोलीत आठदहा माणसे राहणाऱ्या चाळींतून मृत्यूने काय थैमान मांडले होते, याची कल्पना त्यावरून येते. त्याच १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत आपले संततिनियमन केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला तोही त्याच वर्षी. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक, वैद्यकाचे नव्हेत. पण पॅरिसमधील वास्तव्यात या विषयाचे महत्त्व त्यांना पटले होते आणि एकदा पटलेली गोष्ट मुकाट्याने मनात ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. पत्नी मालतीबाई यांच्या साहाय्याने त्यांनी हे काम चालविले, १९२३ मध्ये ‘संततिनियमन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले.

या कार्याची किंमत त्यांना पुरेपूर मोजावी लागली. १९२५ मध्ये प्राध्यापकाची जागा गेली; पुढे अश्लीलतेच्या आरोपावरून खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. तरीही निकाल विरुद्ध गेला आणि कर्वे यांना दंड भरावा लागला. इतके होऊनही त्यांनी केंद्र बंद केले नाही आणि मासिकही थांबविले नाही. १९५३ च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्याच्या अंकानंतर ‘समाजस्वास्थ्य’ कायमचे बंद पडले. यात कर्वे यांच्या निष्ठेचे मोठेपण आहे, तसेच एकाकी कार्याची मर्यादाही आहे. एका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली सेवा त्या माणसाइतकीच जगते. विचार मागे राहतो. परंतु गिरणगावातील एखाद्या बाईस मंगळवारी सकाळी कोणाकडे जावे हे विचार सांगू शकत नाही. त्यासाठी उघडे दार लागते आणि दारात माणूस लागतो.

हे दार सरकारने उघडावे, अशी मागणी त्याच काळात होऊ लागली होती. म्हैसूर संस्थानाने १९३० च्या जून महिन्यात सरकारी इस्पितळांतून संततिनियमनाचा सल्ला देण्यास मान्यता दिली. सरकारने अशी जबाबदारी पत्करल्याचे जगातील ते अगदी पहिल्यांपैकी उदाहरण मानले जाते. १९३२ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेने लखनौ येथील अधिवेशनात मान्यताप्राप्त दवाखान्यांतून स्त्रीपुरुषांना हे ज्ञान मिळावे असा ठराव केला. मुंबईच्या विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीने १९३८ च्या नोव्हेंबरात सभासद पी. जे. रोहम यांनी या विषयावरील ठराव मांडला. तो फेटाळला गेला. परंतु गरीब स्त्रीच्या देहाची झीज हा कायदेमंडळाने विचारात घ्यावयाचा विषय आहे, हे त्या निमित्ताने सभागृहाच्या कामकाजात नमूद झाले. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी याच सुमारास हे काम हाती घेतले आणि पुढे विधिमंडळात व राज्यसभेतही त्याचा पाठपुरावा केला.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. १९४९ मध्ये धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन झाला. १९५२ च्या नोव्हेंबरात मुंबईतच या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तीतून जागतिक संघटनेचा जन्म झाला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत भारत सरकारने कुटुंबनियोजनासाठी ६५ लक्ष रुपये ठेवले. असा राष्ट्रीय कार्यक्रम आखणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. परंतु योजना संपली तेव्हा असे आढळले की, त्या रकमेचा चौथा हिस्सादेखील खर्ची पडला नव्हता. पैसा होता, पण तो ओंजळीत घेण्यास खाली पुरेसे हात नव्हते. दवाखाने थोडे, तेही बहुतेक शहरांत आणि पद्धत अशी की दवाखाना उघडून बसावयाचे व येईल त्याची वाट पाहावयाची. दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोहोचण्यापूर्वी स्त्रीस नवऱ्याची संमती, सासूची मर्जी, धाकट्या मुलास सांभाळणारे कोणी आणि एक दिवसाच्या मजुरीचे नुकसान इतके अडसर ओलांडावे लागतात, याचा हिशेब योजनेच्या कागदावर नव्हता. सेवेने लोकांकडे गेले पाहिजे, हे तत्त्व राष्ट्रीय कार्यक्रमाने १९६३ मध्ये स्वीकारले.

दुर्दैवाने लोकांकडे जाण्याचा अर्थ थोड्याच वर्षांत लोकांना मोजणे असा होऊन बसला. १९६५ मध्ये लूप आले, १९६६ मध्ये केंद्र सरकारात स्वतंत्र कुटुंबनियोजन खाते निघाले आणि प्रत्येक राज्यास, जिल्ह्यास, शहरास इतक्या शस्त्रक्रिया, इतके लूप असा ठराविक आकडा नेमून देण्यात येऊ लागला. मुंबईत रेल्वे स्टेशनांवरच पुरुषांच्या नसबंदीची केंद्रे थाटण्यात आली. कामावरून परतणारा माणूस गाडीची वाट पाहता पाहता शस्त्रक्रिया करून घेई. १९७१ च्या जुलैत केरळातील एर्नाकुलम येथे भरलेल्या एका शिबिरात ६३,४१८ पुरुषांची नसबंदी झाली. या उपक्रमांत कल्पकता होती, उत्साह होता, येणाऱ्यास पैसे व वस्तूही मिळत होत्या. पण जत्रा आटोपली की मांडव उतरतो. शस्त्रक्रियेनंतर कोणास ताप आला, कोणाच्या जखमेत पू झाला, तर त्याने जावे कोठे, याचे उत्तर मांडवापाशी असत नाही.

आकड्यांच्या या मार्गाचे टोक आणीबाणीत गाठले गेले. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लक्ष नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अमलात आले नाही एवढेच. शिक्षकांना, तलाठ्यांना, नगरपालिकांच्या नोकरांना माणसे आणण्याचे हुकूम सुटले. कोठे पगार अडविले, कोठे झोपडीच्या बदल्यात जागा देताना शस्त्रक्रियेचा दाखला मागितला. १९७७ मध्ये सरकार पडले आणि पुढल्या वर्षी शस्त्रक्रियांची संख्या साडेनऊ लक्षांवर घसरली. खात्याचे नाव कुटुंबकल्याण असे बदलण्यात आले. पण नाव बदलल्याने गेलेला विश्वास परत येत नसतो. पुरुष या कार्यक्रमातून जे बाहेर पडले ते पुन्हा फारसे आलेच नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ३७.९ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पतीची नसबंदी झाली असे सांगणाऱ्या शेकडा ०.३ होत्या. सक्ती बव्हंशी पुरुषांवर झाली. तिचा दंड मात्र पुढली पन्नास वर्षे स्त्रिया भरीत आल्या आहेत.

व्यक्तीची निष्ठा अपुरी पडली आणि वरून आलेला हुकूम घातक ठरला. तेव्हा तिसरा मार्ग पुढे आला तो वस्तीवस्तीत कायमचे ठाणे बसविण्याचा. १९८२ मध्ये कृष्णन समितीने शहरांतील झोपडपट्ट्यांच्या आरोग्याचा विचार करून लोकसंख्येप्रमाणे लहानमोठी आरोग्यठाणी उभारावीत अशी शिफारस केली. सर्वांत मोठे ठाणे पंचवीस ते पन्नास हजार वस्तीसाठी असावे आणि ते इस्पितळाशी जोडलेले असावे, अशी योजना होती. १९८८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई व मद्रास या दोन शहरांत ही व्यवस्था वाढविण्यात आली. १९९३ नंतर बंगलोर, कलकत्ता, दिल्ली आणि हैदराबाद या शहरांत तसाच प्रकल्प निघाला. मुंबईच्या वस्त्यांतून ‘हेल्थ पोस्ट’ हा शब्द तेव्हापासून घरोघरी परिचयाचा झाला. तेथील आरोग्य स्वयंसेविका ही बहुधा त्याच गल्लीत राहणारी बाई. कोणाच्या घरी नवी सून आली, कोणाचे बाळ सहा महिन्यांचे झाले, कोणाच्या नवऱ्याला तांबीचे नाव काढलेले खपत नाही, हे तिला ठाऊक असते. तिच्या वहीतली माहिती कोणत्याही आकडेशास्त्रज्ञाच्या तक्त्याहून जिवंत असते.

प्रकल्पाची मुदत संपली, कर्जाचा ओघ थांबला, तरी मुंबईतील ही ठाणी चालू राहिली. कारण तोपर्यंत ती कॉर्पोरेशनच्या आरोग्य खात्याचा नित्याचा भाग होऊन गेली होती. पाहुणा म्हणून आलेली गोष्ट घरची होण्याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अर्थात घरची झाली तरी तिला घरचा मान मिळाला असे नाही. ज्या स्वयंसेविकांच्या पायपिटीवर ही व्यवस्था उभी आहे, त्यांना पगाराऐवजी मानधन मिळत आले आणि वाजवी वेतनासाठी त्यांना वारंवार रस्त्यावर उतरावे लागले. खर्चाचा भार कमी व्हावा म्हणून सेवेचा पायाच कच्चा ठेवावयाचा, ही आपल्या नगरसंस्थांची जुनी खोड आहे.

आता प्रश्न असा की, सर्वच शहरांनी हे काम आपलेसे का केले नाही? त्याचे एक कारण कायद्याच्या अक्षरांत सापडते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसंख्या नियंत्रण व कुटुंबनियोजन हा विषय केंद्र आणि राज्य यांच्या समवर्ती सूचीत घातला. १९९२ मध्ये त्र्याहत्तरावी व चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती झाली आणि ग्रामपंचायती व नगरपालिका यांना घटनेत स्थान मिळाले. पंचायतींना सोपवावयाच्या विषयांची जी अकरावी अनुसूची आहे, तीत कुटुंबकल्याण हा शब्द स्पष्ट आहे. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, जन्ममृत्यूची नोंद आहे, स्मशाने आहेत, कोंडवाडेही आहेत. कुटुंबकल्याण तेवढे नाही. ज्या संस्थेने प्रत्येक जन्माची नोंद करावयाची, तिच्या कर्तव्यांच्या यादीत जन्माच्या नियोजनाचे नाव नसावे, हा योगायोग असेल. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, पुष्कळ शहरांत हे काम राज्याच्या आरोग्य खात्याचे, आपले नव्हे, असे नगरपालिका म्हणत राहिल्या. खात्याची नजर मात्र दीर्घकाळ खेड्यांवर होती. या दोहोंच्या मधल्या फटीत शहरातील गरीब कुटुंबे पडली.

ही फट बुजविण्याचा पहिला व्यापक प्रयत्न २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने केला. साधारण पन्नास हजार वस्तीस एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा सेविका आणि पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती, अशी तिची मांडणी आहे. परंतु केंद्राची पाटी लागली म्हणजे सेवा सुरू झाली असे होत नाही. ती चालते कशी, याचा धडा उत्तर प्रदेशातील शहरांनी दिला. आग्रा, अलिगड, अलाहाबाद, गोरखपूर आदी शहरांत २००९ नंतर एक नागरी आरोग्य उपक्रम चालला. त्यात जी गोष्ट फलदायी ठरली ती दिसावयास अगदी साधी आहे. आठवड्यातील एक वार ठरवावयाचा आणि त्या वारी, त्या केंद्रात, शिकलेली परिचारिका अथवा डॉक्टर, तांबी, गोळ्या व इतर साधने हटकून हजर ठेवावयाची. वार निश्चित असला म्हणजे सेविका घरोघरी खात्रीने सांगू शकते, स्त्री त्या दिवसाची सोय करू शकते आणि हेलपाटा पडत नाही. एकदा रिकाम्या हाताने परतलेली स्त्री दुसऱ्यांदा येत नाही आणि शेजारणीलाही येऊ देत नाही, हा अनुभव सर्वत्र सारखा आहे.

याच अनुभवातून पुढला विचार निघाला. भारत, केनिया, नायजेरिया व सेनेगल या चार देशांतील अशा उपक्रमांनंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एका संस्थेने २०१६ मध्ये ‘दि चॅलेंज इनिशिएटिव्ह’ ही योजना काढली आणि भारतात ती उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व ओडिशा येथील शहरांत सुरू झाली. तिचा क्रम नेहमीच्या देणगीच्या उलट आहे. देणगीदाराने शहर निवडावयाचे नाही. शहराने स्वतः मागणी करावयाची. शहराने किंवा राज्याने आपला पैसा आणि आपली माणसे आधी घालावयाची. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाने प्रथम काम करून दाखवावयाचे, मग बरोबरीने करावयाचे आणि शेवटी केवळ बाजूस उभे राहून पाहावयाचे. पोहण्यास शिकविणारा कमरेचा दोर ज्या बेताने सैल करीत जातो, तोच हा बेत. यातही उणिवा आहेतच. अधिकाऱ्याची बदली झाली की शिकविलेले पुन्हा शिकवावे लागते. साधनांचा साठा एका महिन्यात ओसंडतो तर दुसऱ्या महिन्यात कपाट रिकामे असते. तथापि मदतीचे यश मदत निघून गेल्यावर मोजावे, हे तत्त्व या विषयाच्या शंभर वर्षांच्या इतिहासाशी पूर्णपणे जुळणारे आहे.

येथे एक शंका घेतली जाईल. २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे शहरी भारतात एका स्त्रीस होणाऱ्या अपत्यांची सरासरी १.६ वर आली आहे. मग एवढा खटाटोप कशासाठी? या शंकेतच जुन्या चुकीचे बीज आहे. संततिनियमन हे लोकसंख्या कमी करण्याचे यंत्र आहे, अशी समजूत धरली तर काम संपले असे वाटेल. परंतु सरासरी ही कोणाच्या घरात राहत नाही. लग्नानंतर लगेच, मग वर्षाच्या अंतराने दुसरे, आणि पंचविशीच्या आतच शस्त्रक्रिया, असा क्रम असंख्य स्त्रियांच्या नशिबी अजून आहे. त्यांची अपत्ये दोनच असतात. पण त्या दोहोंच्या वेळेसंबंधी त्यांना कोणी विचारलेले नसते. त्यांना हवे आहे ते मधले अंतर, त्यासाठी निरनिराळ्या साधनांतून निवड, आणि निवड बदलण्याची मोकळीक. १९९६ मध्ये सरकारने शस्त्रक्रियांचे ठराविक आकडे नेमून देणे सोडले. २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच दिवशी ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया होऊन त्यांतील अनेकींचा अंत झाला; त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांतून ‘अंतरा’ ही सुई आणि ‘छाया’ ही गोळी मिळू लागली. साधने वाढली, सक्ती कागदावरून गेली. आता उरला आहे तो रोजच्या व्यवस्थेचा प्रश्न.

आणि रोजची व्यवस्था हीच तर नगरसंस्थेची विद्या आहे. नळाला पाणी आणणे, कचरा उचलणे, लस टोचणे ही कामे एखाद्या महात्म्याच्या त्यागावर चालत नाहीत, सप्ताह साजरा करूनही चालत नाहीत. ती चालतात, कारण अंदाजपत्रकात त्यांचे शीर्षक असते, त्यांच्यासाठी नेमलेला माणूस असतो आणि काम न झाल्यास जाब विचारणारा नागरिक असतो. कुटुंबनियोजनाच्या सेवेस या तीन गोष्टी ज्या शहरात लाभतील, तेथे ती टिकेल. त्यांतील पहिल्या दोन महापालिकेने करावयाच्या आहेत. तिसरी मात्र सुशिक्षित नागरिकांच्या हातची आहे. रस्त्यातल्या खड्ड्यांविषयी नगरसेवकास पत्र लिहिणाऱ्या गृहस्थाने, वॉर्डातील आरोग्यठाण्यात ठरल्या वारी परिचारिका येते काय, कपाटात साधने आहेत काय आणि दारोदार फिरणाऱ्या बाईस वेळेवर मोबदला पोहोचतो काय, एवढे तीन प्रश्न त्याच पत्रात घालावयास हरकत नाही. कर्वे यांना जे एकट्याने करावे लागले, ते शहराने मिळून केले म्हणजे त्यासाठी कोणालाही हुतात्मा व्हावे लागणार नाही.